हबलचा चष्मा

गेल्या शिगम्यात पणजीच्या मिरवणुकीचे मी जवळजवळ दोनशे फोटो काढले. त्यांतले चाळीसही धड आले नाहीत. दिवस मावळलेला, रोमटातली माणसे नाचणारी आणि माझा कॅमेरा २००९ साली घेतलेला. ढोलावर पडणारे हात फोटोत नुसते पांढरट पट्टे होऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी हे रडगाणे गायले, तेव्हा लगेच दोन तट पडले. एक सहकारी म्हणाला, "आता तो डबा फेकून दे आणि नवीन कॅमेरा घे." दुसरा म्हणाला, "पैसे कशाला घालवतोस? हल्ली सगळे कॉम्प्युटरवर होते. काळोख उजळता येतो, हललेला फोटो स्थिर करता येतो. सॉफ्टवेअर चांगले असले म्हणजे झाले."

पगारदार माणसाला दुसऱ्याचा सल्ला साहजिकच जास्त आवडतो. मलाही आवडला. पण त्या सल्ल्याचा एक चटका मला घरी आधीच बसला होता.

आमच्या घरी १९५४ सालचा एक फोटो आहे. म्हार्दोळला नात्यातल्या एका लग्नात काढलेला. अंगणात वऱ्हाड दाटीवाटीने उभे आहे आणि मागे खांबाजवळ माझी आजी, म्हणजे आईची आई. तिचा हा एकुलता एक फोटो. १९५७ साली ती गेली, तेव्हा आई आठ वर्षांची होती. निगेटिव्ह केव्हाच नाहीशी झाली आहे. उरला तो तळहाताएवढा पिवळा पडलेला कागद आणि त्यावर मुगाच्या दाण्याएवढा आजीचा चेहरा. फोटो काढण्याच्या क्षणी तिने मान हलवली असणार, कारण शेजारच्या बायका स्पष्ट आहेत आणि ती तेवढी पुसट.

आईने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. मागच्या चतुर्थीला ती सहज म्हणून गेली की, आपल्याला आईचा चेहरा आता नीट आठवत नाही. शेजारच्या मुलाने ते ऐकले. त्याने मोबाईलवर त्या फोटोचा फोटो घेतला, एका प्रोग्रॅममध्ये घातला, आणि मिनिटभरात आजी समोर आली. रेखीव भुवया, पाणीदार डोळे, ओठांवर मंद हसू. आम्ही सगळे थक्क झालो. आईने चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि मोबाईल परत केला. म्हणाली, "ही कोण? ही म्हजी आवय न्हय."

त्या मुलाचा हेतू चांगलाच होता. पण मला रात्री झोप लागली नाही. सॉफ्टवेअर नक्की काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे कळून घ्यावेसे वाटले. वाचता वाचता मी जिथे पोचलो ते ठिकाण जमिनीपासून सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवर होते. आमच्या कचेरीतला वाद तिथे १९९० साली उपस्थित झाला होता, आणि साडेतीन वर्षांनी त्याचा निकालही लागला होता.

१९९० हे साल या विषयात मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. टॉमस नोल या मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्याने १९८७ साली सुरू केलेला आणि भाऊ जॉन याच्या साथीने वाढवलेला हा प्रोग्रॅम तेव्हा फक्त मॅकिंटॉश संगणकावर चालत असे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ एप्रिल १९९० रोजी, डिस्कव्हरी हे अंतराळयान हबल दुर्बीण घेऊन वर गेले. म्हणजे घरगुती फोटो सुधारण्याचे साधन आणि माणसाने तोपर्यंत बनवलेला बहुधा सर्वांत महागडा कॅमेरा, दोघांचा जन्म एकाच वर्षीचा.

हबलचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. पृथ्वीवरच्या दुर्बिणींना हवेतून पाहावे लागते आणि हवा सतत थरथरत असते. हबल हवेच्या वर असल्याने ती अडचण नव्हती. २० मे रोजी पहिला फोटो आला. तो जमिनीवरच्या दुर्बिणीपेक्षा बरा होता, पण जितका हवा तितका नव्हता. सुरुवातीला वाटले, फोकस नीट जुळलेला नाही. महिनाभर खटपट केली तरी तो जुळेना. शेवटी २७ जून १९९० रोजी नासाला जाहीर करावे लागले की आरशाचा आकारच चुकला आहे.

चूक केवढी? आरशाची कड हवी त्यापेक्षा २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती. आपल्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. पण तेवढ्याने कडेकडून येणारे किरण एका ठिकाणी मिळत आणि मधल्या भागातून येणारे दुसऱ्या ठिकाणी. ताऱ्याचा सत्तर टक्के प्रकाश एका इवल्याशा ठिपक्यात गोळा व्हावा अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात जेमतेम पंधरा टक्के होत होता. बाकीचा प्रकाश ठिपक्याभोवती धुरकट वलय होऊन पसरे.

आम्हा कारकुनांना हे टीपकागदाच्या उदाहरणाने चटकन समजेल. शाईचा थेंब टीपकागदावर पडला की पसरतो. शाई कमी होत नाही, फक्त आपली जागा सोडून आजूबाजूला जाते. आता एकच थेंब कसा पसरतो हे जर मला पक्के ठाऊक असेल, तर पसरलेल्या डागावरून मूळ थेंब कुठे आणि केवढा होता हे मी उलट हिशेबाने काढू शकेन. हबलच्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले.

त्यासाठीचे गणित तयारच होते. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लिऑन ल्यूसी यांनी १९७४ साली, दोघांनी स्वतंत्रपणे, ते मांडले होते. त्याची रीत अशी: मूळ चित्र कसे असेल याचा एक अंदाज धरायचा. तो अंदाज सदोष आरशातून पाहिला तर कसा दिसेल, हे हिशेबाने काढायचे. ते प्रत्यक्ष आलेल्या फोटोशी ताडून पाहायचे. फरक दिसेल त्याप्रमाणे अंदाज सुधारायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे पुष्कळ वेळा करत गेले की चित्र हळूहळू निवळत जाते. दोष जाहीर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९९० मध्ये, बाल्टिमोरच्या अंतराळ दुर्बीण विज्ञान संस्थेत या विषयावर जाणकारांची खास बैठक भरली.

आणि खरोखर यश आले. त्याच वर्षी शनी ग्रहावर मोठे पांढरे वादळ उठले होते. हबलने नोव्हेंबरमध्ये त्याचे फोटो घेतले आणि संगणकाने निवळल्यावर त्यातले ढगांचे पट्टे सुरेख दिसले. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन हे जमिनीवरून पाहताना एकमेकांत मिसळत, ते हबलने वेगळे दाखवले. तेजस्वी ताऱ्यांच्या दाट पुंजक्यांतले तारे सुटे मोजता आले. त्या साडेतीन वर्षांत अमेरिकेत हबल हा थट्टेचा विषय झाला होता. तरीही दुर्बिणीचे काम चालू राहिले, ते मोठ्या प्रमाणावर या सॉफ्टवेअरमुळे.

मग आमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचेच म्हणणे खरे ठरले की नाही? सॉफ्टवेअर असताना नवा कॅमेरा कशाला?

इथे एक मेख आहे. वर ज्यांची नावे घेतली ती सगळी उजळ मंडळी. शनी, तेजस्वी तारे, ज्यांच्याकडून भरपूर प्रकाश येतो अशी. पुन्हा टीपकागदाकडे येऊ. थेंब मोठा आणि गडद असेल तर त्याचा डाग कसाही पसरला तरी ओळखू येतो. पण थेंब अगदी फिका असेल तर त्याचा पसरलेला डाग कागदाच्या अंगच्याच ठिपक्यांत मिसळून जातो. मग शाईचा कण कुठला आणि कागदाचा मळ कुठला हे कुणीच सांगू शकत नाही, गणितही नाही. गणिताला दोन्ही सारखेच. जास्त वेळा हिशेब केला तर ते मळाचेही तारे बनवू लागते.

माझ्या शिगम्याच्या फोटोंचे तेच झाले होते. काळोखातला ढोलवाला मी कॉम्प्युटरवर उजळला. तो उजळला, पण त्याच्या तोंडावर रांगोळी सांडल्यासारखे रंगीबेरंगी कण उमटले. ते कण ढोलवाल्याचे नव्हते. कॅमेऱ्याचा स्वतःचा मळ होता तो. जिथे प्रकाशच पोचला नव्हता तिथे मी उजळले ते फक्त मळाला.

आणि हबल तर मुख्यतः फिक्या वस्तूंसाठीच पाठवलेली. दूरच्या दीर्घिकांमधील सेफीड जातीचे लुकलुकणारे तारे शोधून विश्वाची अंतरे मोजायची, हे तिचे एक मोठे काम. ते तारे इतके मंद की पसरलेल्या प्रकाशातून त्यांना सोडवणे कुठल्याच गणिताला शक्य नव्हते. त्यामुळे सॉफ्टवेअर चालू असतानाच दुरुस्तीची तयारीही चालू झाली.

आरसा बदलणे अशक्य होते. कोडॅक कंपनीने घडवलेला दुसरा राखीव आरसा जमिनीवर होता, पण वर जाऊन दुर्बिणीच्या पोटातला आरसा काढून हा बसवणे कुणाच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा माणसाच्या डोळ्यांना करतात तोच उपाय ठरला. डोळा तोच ठेवायचा, पण चष्मा द्यायचा. त्याला नंबर मात्र अचूक हवा.

हा नंबर कसा सापडला, ती हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. तो दोन वाटांनी सापडला. एक वाट सॉफ्टवेअरची. बिघडलेल्या फोटोंतल्या ताऱ्यांच्या वलयांचा बारकाईने अभ्यास करून, आरसा नेमका कितीने चुकला असेल हे गणितज्ञांनी उलट हिशेबाने काढले. दुसरी वाट कारखान्यातली. आरसा घासताना त्याचा आकार तपासण्याचे एक उपकरण वापरले होते. ते त्या कारखान्यात जवळजवळ दहा वर्षे जसेच्या तसे जोडलेले राहिले होते. चौकशी समितीने मोजमाप घेतले तेव्हा दिसले की त्यातले एक भिंग आपल्या जागेपासून १.३ मिलिमीटर सरकलेले आहे. आरसा घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. चुकीच्या मापाबरहुकूम त्यांनी तो अत्यंत अचूक घासला होता! शिवाय आणखी दोन साध्या चाचण्यांनी त्या वेळीच चूक दाखवली होती, पण मोठ्या उपकरणापुढे त्यांची साक्ष कोणी मानली नव्हती. सरकारी नोकरीत असल्यामुळे हा प्रकार मला अपरिचित वाटला नाही.

दोन्ही वाटांची उत्तरे जुळली आणि नंबर ठरला. हबलच्या मुख्य कॅमेऱ्याची सुधारलेली जोड तयार होतच होती. तिच्यातले छोटे आरसे आता मुद्दाम उलट दोष देऊन घासण्यात आले, म्हणजे चुकीला चूक भेटून बाकी शून्य. बाकीच्या उपकरणांसाठी 'कोस्टार' नावाची एक पेटी बनवली. तिच्यात नाण्याएवढ्या आरशांच्या जोड्या, घडी उलगडावी तशा बाहेर येणाऱ्या. ही कल्पना जेम्स क्रॉकर या अभियंत्याला जर्मनीतल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात, दांड्यावर वरखाली सरकणारा शॉवर पाहून सुचली.

२ डिसेंबर १९९३ रोजी एन्डेव्हर यान सात अंतराळवीरांना घेऊन निघाले. लागोपाठ पाच दिवस त्यांतले चौघे पाळीपाळीने यानाबाहेर राबले. जुना कॅमेरा काढून नवा बसवला आणि कोस्टारला जागा करून देण्यासाठी एक उपकरण कायमचे काढून आणले. १३ जानेवारी १९९४ रोजी नासाने एम-१०० या सर्पिल दीर्घिकेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून जगाला दाखवले, एक दुरुस्तीच्या आधीचा आणि एक नंतरचा. पहिल्यात धुक्यातला दिवा होता, दुसऱ्यात एकेक तारा. त्याच वर्षी वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने त्या दीर्घिकेत वीस सेफीड तारे शोधले आणि तिचे अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे ठरवले. सॉफ्टवेअरला साडेतीन वर्षांत जे जमले नसते ते नव्या कॅमेऱ्याने वर्षभरात करून दाखवले.

इथे दुकानदारांनी ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे. त्या नव्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या, प्रत्येकीवर ८०० गुणिले ८०० ठिपके. सगळे मिळून २५ लाख ६० हजार. जुना कॅमेराही एका वेळी तेवढेच ठिपके टिपत असे. माझ्या २००९ सालच्या डब्यात एक कोटी आहेत! म्हणजे फरक पडला तो ठिपके वाढल्यामुळे नव्हे, प्रकाश योग्य जागी पडल्यामुळे. नवा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल मोजत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, नवा कॅमेरा आल्यावर सॉफ्टवेअर अडगळीत गेले नाही. डिसेंबर १९९५ मध्ये हबलने आकाशाच्या एका रित्या दिसणाऱ्या तुकड्याचे दहा दिवसांत ३४२ फोटो घेतले आणि ते एकावर एक बसवण्यासाठी नवे गणित रचले गेले. आज आपला मोबाईल रात्री फोटो काढताना गुपचूप अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, तो याच घराण्यातला प्रकार. अडचणीच्या काळात सुधारलेले ते निवळण्याचे तंत्र पुढे स्तनांच्या क्ष-किरण चित्रांतले कॅल्शियमचे बारीक कण शोधण्याच्या कामीही आणले गेले. कोस्टारची पेटी मात्र २००९ साली परत आणली, कारण तोवर नवी उपकरणे आपापला चष्मा घेऊनच आली होती. ती पेटी आणि तो १९९३ सालचा कॅमेरा आता वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहेत.

आता आजीकडे येतो. शेजारच्या मुलाने वापरलेला प्रोग्रॅम रिचर्डसन-ल्यूसीच्या वंशातला नाही. तो पसरलेला प्रकाश परत गोळा करत बसत नाही. त्याला लाखो चेहरे दाखवून शिकवलेले असते, आणि पुसट चेहरा दिला की तिथे बसेल असा एक चेहरा तो रचतो. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाचा असा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला होता. त्याला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला तेव्हा त्याने एक गोरा माणूस काढून दाखवला. प्रोग्रॅम खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. त्याला खरे माहीतच नव्हते, आणि 'माहीत नाही' असे म्हणायला त्याला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही कचेरीत सत्यप्रतीवर शिक्का मारतो. मूळ कागदावरचे एखादे अक्षर फिके असेल तर भिंगाखाली धरून ते वाचायला आमची हरकत नसते. पण मूळ कागद जिथे वाळवीने खाल्लेला आहे तिथे, 'बहुधा असे असावे' म्हणून एखादे नाव लिहिले, तर नोकरी जाईल. सॉफ्टवेअरलाही हाच नियम लावावा असे मला वाटते. भिंग होण्याचा त्याला अधिकार आहे, लेखक होण्याचा नाही.

म्हणून मी तो फोटो पुन्हा काढला. या वेळी मोबाईलवर नव्हे, एका स्टुडिओत जाऊन चांगल्या स्कॅनरवर, जितका बारीक निघेल तितका बारीक. मग कागदाचा पिवळेपणा तेवढा उतरवला आणि काळपट कोपरे थोडे थोडे उजळत गेलो. काही भरले नाही, काही पुसले नाही. आजीचा चेहरा पुसटच राहिला. ज्या क्षणी तिने मान वळवली त्या क्षणी तो प्रकाश विखुरला, आणि मुगाच्या दाण्याएवढ्या जागेतून तो गोळा करणारे गणित माझ्यापाशी नाही. पण खांबाच्या सावलीत, इतकी वर्षे नुसता काळोख वाटत होता तिथे, आजीचा डावा हात दिसू लागला. त्या हाताने एका लहान मुलीची बोटे धरली होती. मुलगी निम्मी खांबाआड, फ्रॉकची झालर तेवढी बाहेर.

मी ते आईला दाखवले. तिने चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. त्या हातावर बोट ठेवून म्हणाली, "ही हांव."

मूळ फोटो आता मी आम्लविरहित कागदात गुंडाळून, ऊन आणि ओल लागणार नाही अशा कपाटात ठेवला आहे. कारखान्यातले ते उपकरण कोणी मोडले नाही म्हणून हबलची चूक सापडली. उद्या याहून चांगला स्कॅनर येईल, याहून चांगले गणित येईल, तेव्हा त्याला वाचायला मूळ कागद तरी असावा.

आणि कॅमेऱ्याचे म्हणाल तर, दिवसाउजेडी माझा जुना डबा अजून पुरेसा आहे. तिथे फोटो बिघडतो तो माझ्या हाताने, आणि त्याला थोडे सॉफ्टवेअर चालते. पण शिगम्यातला काळोखातला ढोलवाला हवा असेल तर जास्त प्रकाश गोळा करणारा कॅमेराच घ्यावा लागेल. पुढच्या शिगम्याच्या आत तेवढे पैसे साठवायचे ठरवले आहे. दोन्ही सहकाऱ्यांना तसे सांगितले. दोघेही आपलेच म्हणणे खरे ठरले असे समजून खूश आहेत.